व्यापारी संदेश आणि देशोदेशींचे नियम

मोबाइलवर येणाऱ्या संदेशांकडे आपण बहुधा पुसून टाकण्यापुरतेच पाहतो. कधी बँकेचा, कधी वीजबिलाचा, कधी कुठल्या कापडदुकानाच्या सवलतीचा. पण असा एखादा संदेश नीट निरखला तर एक गोष्ट ध्यानात येते. पाठवणाऱ्याचा दहा आकडी नंबर तिथे नसतो. त्याऐवजी रोमन अक्षरांचे एक चमत्कारिक नाव असते: आधी दोन अक्षरे, मग आडवी रेघ, मग साधारण सहा अक्षरे, आणि अलीकडे शेवटी आणखी एक अक्षर. या एवढ्याशा नावामागे बरेच मोठे नियमशास्त्र उभे आहे. ते सगळे सांगण्याचा माझा इरादा नाही. मला एकाच प्रश्नाचा उलगडा करायचा आहे. डिचोलीसारख्या गावातल्या दुकानाने आपल्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवायचे ठरवले, आणि ती गिऱ्हाइके चार देशांत पांगलेली असली, तर त्याने कायदा कोणाचा पाळायचा?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आमच्याकडे तो खराच उभा राहिला. मी ज्या दुकानाचे हिशेब लिहितो तिथे पितळेच्या समया आणि काजूगर विकले जातात. डिचोलीच्या कांसारांची समई प्रसिद्ध आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. चवथीच्या आधी दोन महिने समयांची मागणी सुरू होते. ती आता केवळ बुधवारच्या बाजारातून येत नाही. आमच्या गिऱ्हाइकांतले काही जण २०१२ साली खाणी बंद पडल्यावर आखाती देशांत गेले. काहींनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले. १९६१ च्या मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना ते मागता येते. त्या पासपोर्टावर कोणी लिस्बनला, तर कोणी इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिले. एकदोघे अमेरिकेत आहेत. सणाला घरी यायचे, समई न्यायची, काजू न्यायचे, असा त्यांचा क्रम. दुकानाच्या यादीत चारशेच्या आसपास नंबर जमले होते, आणि त्यांतले साठसत्तर परदेशचे होते.

आमच्या शेटना सगळ्यांना एकदम संदेश धाडायचा होता. नियमांचे कागद पुढे आले तेव्हा त्यांनी विचारले, "आमचीच माणसे ही. त्यांना चवथीची आठवण करून द्यायला दिल्लीची परवानगी कशाला?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागते.

पूर्वी तार पाठवायची तर माणूस तारघराच्या खिडकीपाशी जात असे. शब्दागणिक पैसे मोजावे लागत आणि पाठवणारा कोण हे मास्तरला दिसत असे. ती सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये संपली. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश त्याच्या बराच आधी, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडात गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. या नव्या साधनात खिडकीही नव्हती आणि मास्तरही नव्हता. संगणकाला जोडले की काही पैशांत एक संदेश, आणि तासाभरात लाखभर संदेश. पाठवणाऱ्याने आपले नाव म्हणून जे लिहावे ते घेणाऱ्याच्या पडद्यावर उमटायचे. यातून दोन व्याधी निघाल्या. एक उपद्रवाची, म्हणजे नको असलेल्या जाहिरातींची. दुसरी फसवणुकीची, आणि ती अधिक घातक.

फसवणुकीचे एक उदाहरण सिंगापूरचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावाने लबाडांनी संदेश पाठवले. नाव हुबेहूब तेच असल्याने ते संदेश फोनमध्ये बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच खाली, त्याच ओळीत जाऊन बसले. त्यातला दुवा दाबून लोकांनी आपले तपशील भरले. सुमारे ७९० खातेदारांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापुरी डॉलर गेले. बँकेच्या यंत्रांत चोर शिरलाच नव्हता. त्याने फक्त बँकेचे नाव वापरले. यानंतर सिंगापूरने पाठवणाऱ्यांच्या नावांची नोंदणी सक्तीची केली. ३१ जानेवारी २०२३ पासून तिथे नोंद नसलेल्या नावाने गेलेल्या संदेशावर 'बहुधा फसवणूक' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का बसतो. आता समजा, आमच्या शेटनी चांगल्या मनाने सिंगापूरच्या एखाद्या गिऱ्हाइकाला नोंदणीविना संदेश धाडला. समईच्या दुकानाचे नाव त्या शिक्क्याखाली जायचे. शेटना हे उदाहरण सांगितल्यावर त्यांचा दिल्लीवरचा राग बराच उतरला.

आपल्या देशात पहिला बांध २००७ साली घातला गेला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जाहिराती नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही काढली. २०१० च्या नियमांनी रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत व्यापारी संदेश बंद केले. तरी उपद्रव थांबेना, कारण पकड पाठवल्यानंतरची होती. चोर पळाल्यावर पंचनामा, अशातला प्रकार. म्हणून १९ जुलै २०१८ च्या नियमांनी रीतच बदलली. आता संदेश सुटण्यापूर्वीच तपासला जातो.

ही तपासणी कशी होते ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रथम दुकानाने आपली नोंद करायची: पॅन, जीएसटी, मालकाचे अधिकारपत्र वगैरे. आमच्या दुकानाला यासाठी पाच हजार रुपये आणि वर अठरा टक्के कर पडला. नंतर नाव नोंदवायचे, तेच ते सहा अक्षरांचे. त्यापुढची दोन अक्षरे आपोआप लागतात. पहिले दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे दूरसंचार मंडळाचे. गोव्याला स्वतंत्र मंडळ नाही, आपण महाराष्ट्र मंडळात मोडतो. चोर्ला घाट चढून पलीकडे गेले की कर्नाटक मंडळ. शेवटी लागणारे अक्षर २०२५ च्या दुरुस्तीने आले. जाहिरातीला 'पी', सेवेच्या संदेशाला 'एस', बँकव्यवहारासारख्याला 'टी' आणि सरकारी संदेशाला 'जी'. वाचकांनी आपल्या फोनमध्ये आजच पाहावे. कोण काय विकायला आले आहे ते या एका अक्षरावरून कळते.

नावानंतर मजकुराची पाळी. जो संदेश पाठवायचा त्याचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. बिलाचा क्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव, तारीख अशा बदलत्या गोष्टींसाठी साच्यात रिकाम्या जागा ठेवतात. बाकीचा शब्द न् शब्द ठरलेला. दुवा द्यायचा असेल तर तोही १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवावा लागतो. हे सगळे ज्या वहीत नोंदले जाते ती वही एकाच कचेरीत नसते. तिच्या प्रती सर्व दूरसंचार कंपन्यांकडे असतात, आणि एकाने परस्पर खाडाखोड केली तर ती बाकीच्या प्रतींशी जुळत नाही. संदेश निघाला की यंत्र तो या वहीशी ताडून पाहते. नाव जुळले, साचा जुळला, तरच पुढे सोडते.

हा नियम किती कडक आहे ते ८ मार्च २०२१ रोजी साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवशी ही ताडणी पूर्णपणे सुरू झाली आणि अनेक मोठ्या संस्थांचे साचे नोंदलेलेच नसल्याने बँकांचे ओटीपी लोकांपर्यंत पोचेनात. पैसे अडकले, व्यवहार थांबले. ट्रायला ताडणी सात दिवस स्थगित करावी लागली. एवढी साधने हाताशी असलेल्या संस्थांची ही गत, तर लहान दुकानदाराचे काय होत असेल याची कल्पना करावी. माझे मत असे की नियम योग्य आहे, पण तो मोठ्यांच्या मापाने बेतला आहे. शंभर समया विकणाऱ्याला आणि देशव्यापी बँकेला एकच अर्ज भरावा लागतो. अर्जातले इंग्रजी वाचून आमच्या शेटनी दोन वेळा फाइल बंद केली होती.

इथपर्यंत गोष्ट भारतीय नंबरांची झाली. ही नोंदणी पूर्ण झाली की शेटना वाटले, काम संपले. पण आपली नोंदणी लागू होते ती आपल्या नंबरांना. लिस्बनच्या किंवा दुबईच्या नंबराला तिचा काही उपयोग नाही. संदेशांपुरता सर्व जगाला एकच कायदा असा नाहीच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ १८६५ साली तारेसाठी स्थापन झाला, आणि पोर्तुगाल त्याच्या पहिल्या वीस सभासदांत होते. तो संघ तांत्रिक मेळ घालतो. पण कोणाला जाहिरात पाठवावी, कोणाला नाही, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. आणि जवळपास सगळीकडे धरला जातो तो घेणाऱ्याच्या देशाचा नियम, पाठवणाऱ्याच्या नव्हे. हे एक सूत्र लक्षात ठेवले की पुष्कळ घोटाळा मिटतो. दुबईत राहणारा पण डिचोलीचाच भारतीय नंबर चालू ठेवणारा गिऱ्हाईक आपल्या नोंदणीत येतो. उलट चवथीला घरी आलेल्या स्विंडनवाल्याचा ब्रिटिश नंबर माटवीखाली वाजला, तरी तो ब्रिटिश वाटेनेच गेलेला असतो.

अमेरिकेचा कायदा १९९१ चा, मुळात फोनवरील जाहिरातींसाठी केलेला. नंतर तोच संदेशांना लावला गेला. जाहिरातीच्या संदेशाला घेणाऱ्याची आधी लेखी संमती पाहिजे, त्याच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ ते रात्री ९ हीच वेळ, आणि त्याने 'स्टॉप' म्हटले की थांबायचे. नियम मोडला तर घेणारा स्वतः कोर्टात जाऊ शकतो आणि दर संदेशामागे ५०० डॉलर मागू शकतो. जाणूनबुजून मोडला असेल तर १५०० पर्यंत. शिवाय तिथे अक्षरी नाव चालतच नाही. संदेश नंबरावरूनच पाठवावा लागतो, आणि त्या नंबराची, दुकानाची व संदेशाच्या हेतूची नोंद तिथल्या कंपन्यांना करून हवी असते. कॅनडातही अक्षरी नाव चालत नाही, आणि संमतीचा तिथला कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे.

युरोपात पाया २००२ च्या निर्देशाचा आहे. पोर्तुगाल त्याखाली येतो. ब्रिटनने त्यावरूनच २००३ मध्ये आपले नियम केले आणि संघातून बाहेर पडल्यावरही ते ठेवले. मूळ नियम संमतीचाच. पण एक सवलत आहे, आणि दुकानदाराच्या दृष्टीने ती फार मोलाची. ज्याने तुमच्याकडून माल घेतला, घेताना स्वतः नंबर दिला, आणि त्याच वेळी व नंतरच्या प्रत्येक संदेशात ज्याला 'नको' म्हणण्याची सोपी सोय दिली, त्याला तशाच मालाची जाहिरात पाठवता येते. आता समई नेणाऱ्याला काजूची जाहिरात 'तशाच मालाची' ठरते काय, यावर वकील हवा तेवढा वाद घालू शकतील. आम्ही तो वाद न करता समईवाल्याला समईच कळवायची असे ठरवले.

संयुक्त अरब अमिरातीत पाठवणाऱ्याचे नाव आधी नोंदवून घ्यावे लागते, आणि जाहिरात असेल तर नावाआधी 'एडी' ही अक्षरे लावावी लागतात. वेळ तिथल्या घड्याळाने सकाळी ७ ते रात्री ९. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातला दुकान उघडून पाठवलेला संदेश तिथे सहाला पोचतो आणि नियम मोडतो.

एक शंका वाचकाच्या मनात आली असेल. डिचोलीच्या दुकानदाराला पकडायला पोर्तुगालचा अधिकारी येणार आहे थोडाच? नाही येणार. पण त्याची गरजही पडत नाही. परदेशी संदेश आपण स्वतः पाठवत नाही. मधे एक संदेश वाहून नेणारी कंपनी असते. तिला त्या त्या देशात धंदा करायचा असतो. तक्रार आली की ती प्रथम आपले खाते बंद करते. बरेचदा संदेश वाटेतच अडवला जातो आणि दुकानदाराला पत्ताही लागत नाही. पैसे मात्र कापले जातात. आणि नियमाचा भाग सोडला तरी, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला पहाटे उठवून त्याला समई विकता येत नाही, एवढे व्यापाराचे ज्ञान शेटना माझ्यापेक्षा अधिक होते.

सर्व देशांचे नियम शेजारी मांडून पाहिले तेव्हा मला त्यांत तीन गोष्टी समान दिसल्या: पाठवणारा कोण ते कळले पाहिजे, घेणाऱ्याने 'हो' म्हटलेले असले पाहिजे, आणि त्याला 'नको' म्हणता आले पाहिजे. पहिली आणि तिसरी यंत्राने साधते. दुसरी साधत नाही. ती दुकानाच्या वहीवर अवलंबून असते, आणि खरे काम तिथेच निघाले.

आमची चारशे नंबरांची यादी आम्ही तीन दुपारी बसून चाळली. बरेचसे नंबर बिलबुकातले होते. गिऱ्हाइकाने माल तयार झाल्यावर कळवावे म्हणून ते दिले होते. माल तयार झाल्याचे त्यांना कळवणे ही सेवा, त्यात अडचण नाही. पण त्याच नंबरावर सवलतीची जाहिरात पाठवणे हे वेगळे काम. त्याला वेगळी संमती लागते. काही नंबर लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीतून उतरवलेले होते. चाळीसेक नंबर एका जत्रेच्या वर्गणीदारांच्या कागदावरून आले होते. देवाला वर्गणी देणाऱ्याने समईच्या जाहिरातीला होकार दिला असे कोणत्याही देशाचा कायदा म्हणणार नाही. ते सगळे खोडले. शेटना हे फार जड गेले. "ओळखीची माणसे आहेत," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. पण ओळख आणि संमती या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. ओळखीच्या माणसाला फोन करून विचारावे आणि त्याने हो म्हटल्यावर तारखेसह लिहून ठेवावे, हा मार्ग खुला होताच. तसे तीसएक जणांना त्यांनी विचारलेही. पाचसहा जण नको म्हणाले, त्यांत त्यांचा एक साडू होता.

आता बिलबुकावर खाली दोन चौकोन छापले आहेत. एक माल तयार झाल्याचे कळवण्यासाठी, दुसरा सणाच्या सवलती कळवण्यासाठी. गिऱ्हाईक खूण करते आणि सही करते. मजकूर मराठीत आहे. याला कायद्याचाही आधार आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा माणसाला दिली आहे. त्यात मराठी आहे, कोंकणी आहे, आणि आपल्या अंकाच्या कानडी विभागाच्या वाचकांची कानडीही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत.

भाषेचा विषय निघालाच आहे तर त्यातली एक तांत्रिक गंमत सांगतो. गंमत म्हणजे, खिशाला चाट लावणारी. एका संदेशात १४० बाइट मावतात. साधी रोमन अक्षरे दाटीने बसतात, म्हणून ती १६० मावतात. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून ७० च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी मोजतात. 'डिचोली' तीन अक्षरांचे दिसते, पण मोजणीत सहा भरते, 'लक्ष्मी' सात. 'गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्या चार शब्दांना मधल्या जागा धरून ३३ घरे लागतात, म्हणजे जवळपास निम्मा संदेश शुभेच्छांतच संपतो. सत्तराच्या वर एक चिन्ह गेले की दोन संदेशांचे पैसे. त्यातही रुपयाच्या नव्या चिन्हाची कथा न्यारी. पौंड आणि डॉलर ही चिन्हे मूळ तक्त्यात आहेत, युरोला दोन घरे लागतात, पण आपले रुपयाचे चिन्ह त्या तक्त्यात नाही. इंग्रजी संदेशात ते एकदा जरी टाकले तरी सगळा संदेश १६० वरून ७० वर येतो. म्हणून किमतीपुढे 'रु.' लिहावे. भारतीय भाषांसाठी दाटीचे वेगळे तक्ते प्रमाणात पुढे घातले गेले. त्यांत कानडीला स्वतंत्र तक्ता मिळाला, हिंदीलाही मिळाला, मराठीच्या नावाचा मात्र नाही. अर्थात व्यवहारात ते फारसे वापरात नाहीत, त्यामुळे कानडी मित्रांनी फार हरखून जाऊ नये.

आमचा पहिला मंजूर साचा असा होता: 'समई तयार आहे. डिचोली बाजारात बुधवारी मिळेल.' ही ४३ चिन्हे. उरलेल्या २७ मध्ये दुकानाचे नाव आणि बिलाचा क्रमांक बसवला. 'स्नेहांकित' हा शब्द शेटना शेवटी हवा होता, तो घालायला जागा उरली नाही.

राहता राहिली नकाराची सोय. अक्षरी नावाने आलेल्या संदेशाला उलट उत्तर देता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते 'नको' लिहून पाठवतात आणि ते कुठेच पोचत नाही. म्हणून जाहिरातीच्या साच्यातच दुकानाचा फोन नंबर द्यावा लागतो. २०२५ च्या दुरुस्तीने जाहिरातीत नकाराची सोय देणे बंधनकारक झाले आहे, आणि एकदा नकार दिलेल्याकडे नव्वद दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. दुकानदाराने ऐकले नाही तर १९०९ या क्रमांकावर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. दहा दिवसांत अशा पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. बिलबुकाच्या मागच्या पानावर आम्ही आता 'नको म्हटलेले' असा एक रकाना आखला आहे. त्यात नाव, तारीख आणि फोन कोणी घेतला ते लिहितो. परदेशी नंबरांसाठी वेगळे पान आहे. तिथे देश, तिथली वेळ आणि संमती कशी मिळाली हे तीन रकाने जास्त आहेत. साठसत्तरांतले एकवीस नंबर सध्या त्या पानावर आहेत. सिंगापूर आणि अमेरिकेच्या नंबरांना संदेश पाठवायचे आम्ही तूर्त सोडून दिले आहे. नोंदणीचा खर्च दोन समयांच्या नफ्यात भागत नाही. त्यांना शेट स्वतः फोन करतात.